राहणाऱ्या व्यक्ती : एक

सोलापुरात गेल्या वीस-बावीस वर्षांत ज्यांनी भाड्याने घर घेतलं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या करारात एक कलम माझ्या हातचं आहे. मी वकील नाही. कोर्टासमोरच्या गल्लीत एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिंग करतो. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला, आता भाडेकरार ऑनलाइन होतात आणि लोक मशीनवर अंगठा ठेवून जातात. पण मजकूर तोच. नावं बदलायची, पत्ता बदलायचा, बाकी सगळं जिथल्या तिथं. आमच्याकडे त्याला फॉरमॅट म्हणतात.

त्या फॉरमॅटमधलं अकरावं कलम मी रचलं. एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांच्या भाडेकरूकडे गड्ड्याच्या जत्रेला गावाकडून इतके पाहुणे आले, की दोन दिवसांत गच्चीवरची टाकी रिकामी झाली आणि मास्तरांना आंघोळीला शेजाऱ्याच्या घरी जावं लागलं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे पाहुणा आला की घरमालकाला आधी त्याच्या बादल्या दिसतात. मास्तर म्हणाले, "असं काहीतरी लिहा, की परत कुणाची हिंमत नाही झाली पाहिजे." मला चेव चढला. एरवी दुसऱ्यांचाच मजकूर टाइप करायचा, स्वतः काही लिहायची संधी कुठे मिळते? मी लिहिलं : 'परवानाधारक सदर मिळकतीत कोणत्याही पाहुण्यास, मग तो नातेवाईक असो वा अन्य कोणी, मालकाच्या लेखी संमतीखेरीज रात्रीच्या मुक्कामास ठेवणार नाही.'

'मग तो नातेवाईक असो वा अन्य कोणी' यावर मी फार खूश होतो. वकीलसाहेबांनी वाचून मान हलवली आणि म्हणाले, "पक्कं झालं." ते कलम फॉरमॅटमध्ये राहिलं ते राहिलंच. पुढे कुणी घरमालकाने मागितलं नाही, तरी ते आपोआप प्रत्येक करारात जाऊ लागलं. एखादा भाडेकरू विचारायचा, "सासूबाई आल्या तर काय करायचं ओ?" मी त्या शब्दांवर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "लेखी संमती घ्या की." हे सांगताना मला बरं वाटायचं, हे आता कबूल करून टाकतो.

मग माझा संसार मोडला. कसा मोडला हा या लिखाणाचा विषय नाही, आणि त्यात सांगण्यासारखं भांडणही नव्हतं. दोघांची संमती होती, कागद झाले. बायको आमच्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन दुधनीला, तिच्या माहेरी गेली. कोर्टाच्या कागदात एक ओळ होती : मुलगी महिन्यातून दोनदा शनिवारी वडिलांकडे जाईल व रविवारी परत येईल. तो कागदही आमच्याच ऑफिसात टाइप झाला. मी केला नाही, शेजारच्या टेबलावरच्याने केला. पण ती ओळ मी तीन वेळा तपासली.

आमचं घर माझ्या भावाच्या नावावर होतं. तिथे राहणं मला जमेना, म्हणून मी खोली शोधायला लागलो. एकट्या पुरुषाला खोली मिळवणं किती अवघड असतं हे तोवर मी फक्त ऐकलं होतं. "फॅमिली कुठाय?" हा पहिला प्रश्न. त्यावर काय उत्तर द्यायचं हे मला सुचायचं नाही आणि त्या न सुचण्यातच लोकांना काय ते कळायचं. सात ठिकाणी नकार आला. एका बाईंनी तर दार अर्धंच उघडलं होतं, तेवढ्यातूनच मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लावून घेतलं.

आठवं घर पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत मिळालं. घरमालकीण तेलुगू होत्या, साठीच्या. नवरा गेलेला, खालचे माग विकलेले, मुलगा भिवंडीला. त्या दिवसभर ओट्यावर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, मीही म्हणू लागलो. त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. दारू पितो का, आणि पाण्याची मोटर लावता येते का. पहिल्याला नाही म्हणालो, दुसऱ्याला हो. "मंग या की," म्हणाल्या. "कागद काय करायचं ते तुमीच करा. तुमचंच काम हाय."

म्हणून माझा करार मीच टाइप केला. फॉरमॅट उघडला, त्यांचं नाव घातलं, माझं नाव घातलं. 'राहणाऱ्या व्यक्ती' असा एक रकाना असतो. तिथे मी 'एक' लिहिलं. खरंच एकच होतो. अकराव्या कलमापाशी मात्र मी थांबलो. ते काढून टाकणं एका बटणाचं काम होतं आणि मावशींना ते कधी कळलंही नसतं. पण जे कलम सगळ्या गावाला लावलं, ते स्वतःवर आल्यावर काढायचं, हे मला चोरीसारखं वाटलं. मी ते तसंच ठेवलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मावशींना सगळा करार मोठ्याने वाचून दाखवला. त्या विड्या वळत "व्हय, व्हय" म्हणत होत्या. वाचून संपल्यावर विचारलं, "मोटरीचं लिवलं न्हाय?" मी पेनाने मोटरीचं लिहिलं.

पहिल्या शनिवारी मुलगी आली. दुधनीला तिच्या मामाने कंडक्टरला सांगून एसटीत बसवलं, सोलापूर स्टँडवर मी उतरवून घेतलं. पाठीवर शाळेचंच दप्तर होतं, त्यात पुस्तकांऐवजी कपडे. खोलीत आल्या आल्या तिने दप्तरातून आपला टूथब्रश काढला आणि मोरीच्या कोनाड्यात माझ्या पेल्यात ठेवला. दोन ब्रश एका पेल्यात नीट मावत नव्हते, तिचा सारखा बाहेर कलत होता. तिने तो दोनदा सरळ केला.

आम्ही तळ्याकाठी जाऊन आलो. मी आमटी-भात केला, शेंगाची चटणी होती. चार वाजता मी म्हणालो, "चल, साडेचारच्या गाडीत बसवतो."

"पण शनिवार-रविवार ना?"

मी कपाटातून करार काढला. दुसरा बाप असता तर त्याने काहीतरी थाप मारली असती, किंवा खाली जाऊन मालकिणीला विचारलं असतं. मी करार काढला आणि दहा वर्षांच्या पोरीला अकरावं कलम वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "यात मी कोण आहे? नातेवाईक का अन्य कोणी?"

मी म्हणालो, "नातेवाईक."

तिने पेल्यातला ब्रश काढला, पुसला आणि दप्तरात ठेवला. त्या संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "ठेवून घ्यायचं नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. मी तिला कराराचं सांगितलं. "तुमचे कागद" एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

तुम्ही विचाराल, लेखी संमती का मागितली नाही? मावशी तर खालीच होत्या, बारा पायऱ्या उतरायच्या. हा प्रश्न मी स्वतःलाही बऱ्याचदा विचारला आहे आणि त्याचं एक धड उत्तर माझ्यापाशी नाही. सात घरांचे नकार अंगात मुरले होते, हे एक. मागायला गेलो आणि आठवीनेही तोंड वाकडं केलं तर जायचं कुठे? मी आदर्श भाडेकरू व्हायचं ठरवलं होतं. रेडिओ हळू, चपला जिन्याच्या कडेला, पाणी आलं की सगळ्यांच्या आधी मोटरीपाशी हजर. आणि दुसरं म्हणजे, मागितलं असतं तर सांगावं लागलं असतं. मुलगी कुठे असते, आई कुठे असते, कधी येते, का जाते. कागदाआड उभं राहिलं की काही सांगावं लागत नाही. याखाली तिसरंही एक कारण होतं, पण ते मला फार उशिरा दिसलं.

पुढे तिने शनिवारऐवजी रविवारी यायचं ठरलं. सकाळच्या गाडीने यायची, साडेचारच्या गाडीने जायची. एसटी स्टँडवरचा तो अर्धा तास मला पाठ झाला होता. गाडी लागायची, ती खिडकीपाशी बसायची, मी खाली उभा राहायचो आणि दोघंही गाडी कधी सुटते याची वाट बघायचो. वाईट वाटायचं, पण उभं राहून पाय दुखले की तेही कमी व्हायचं. घरी आल्यावर मी तिचं ताट घासायचो. एक ताट, एक वाटी, एक पेला. माझं आधीच घासून झालेलं असायचं. मग करण्यासारखं काही उरायचं नाही आणि अजून उजेडही गेलेला नसायचा. रविवारची ती उन्हं उतरायची वेळ मला अजूनही नको वाटते.

दुधनीत राहून तिचं बोलणं बदलत गेलं. तिथे घरोघरी कानडी. आजीशी ती कानडीत बोलायची आणि मला पप्पा म्हणायची ती हळूहळू अप्पा म्हणायला लागली. ते मला आवडलं, पण तो शब्द मी शिकवलेला नव्हता, हेही कळलं.

वर्ष-दीड वर्ष ती दर खेपेला दप्तरात ब्रश घेऊन यायची. काढायची नाही, पण असायचा. मला तो चुकून दिसला होता, चेन उघडी होती म्हणून. ती सहावीत असतानाच्या एका रविवारी नेमकं दुपारी पाणी आलं. मी गच्चीवर टाकीपाशी होतो आणि ती खाली मावशींजवळ ओट्यावर जाऊन बसली होती. मावशी तिला तेंदूचं पान कसं कापायचं ते दाखवत होत्या. टाकी भरून मी खोलीत आलो, पाठोपाठ तीही आली. पावणेचार झाले होते. मी म्हणालो, "चल, आवर. गाडी चुकेल." ती माझ्याकडे बघत जरा वेळ दारातच उभी राहिली. मग आवरायला लागली. त्यानंतर तिच्या दप्तरात ब्रश दिसला नाही. मला वाटलं, मोठी झाली, समजूत आली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि मी नवा टाइप करायचो. तारखा बदलायच्या. राहणाऱ्या व्यक्ती : एक. कलम अकरा : जसंच्या तसं. मावशी ओट्यावर "व्हय, व्हय" म्हणायच्या. मुलगी सातवीत गेली, आठवीत गेली, दहावी झाली. यायचं महिन्यातून एकदा झालं, मग परीक्षा असल्या की तेही नाही. पुढे ती शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात एक भाडेकरू तावातावाने आला. त्याच्या आजारी आईला चार दिवस ठेवून घेतलं म्हणून मालकाने त्याला खोली सोडायला सांगितली होती. पुरावा म्हणून त्याने करार आणला होता, आणि करार अर्थातच आमचाच. वकीलसाहेबांनी चष्मा लावून अकरावं कलम वाचलं. "हे कुणी लिहिलंय?" म्हणाले. इतक्या वर्षांत ते विसरून गेले होते. मी म्हणालो, मी. ते म्हणाले, "अहो, भाड्याने दिलं म्हणजे राहायला दिलं. त्याची आई आली, पोरं आली, तर ते पाहुणे होतात का? असल्या कलमावर कोण कुणाला बाहेर काढणार? काढून टाका हे." त्यांनी मालकाला फोन लावला, पाच मिनिटं समजावलं, आणि तो भाडेकरू पेढे वाटणाऱ्या चेहऱ्याने निघून गेला.

मी संगणकावर कलम निवडलं आणि पुसलं. बारावं कलम वर सरकून अकरावं झालं. एवढंच.

माझा करार त्यानंतर दोन महिन्यांनी आला. ओट्यावर वाचून दाखवला. मावशींच्या लक्षात काही आलं नाही, म्हणून मीच म्हणालो, "मावशी, ते पाहुण्यांचं कलम काढून टाकलं बरं का."

"कुटलं?" मावशी म्हणाल्या.

"रात्री पाहुणे ठेवायचे नाहीत, ते."

"असं हुतं व्हय त्यात?" त्यांनी वळलेली विडी सुपात टाकली आणि दुसरं पान घेतलं. मी कराराची घडी केली आणि वर आलो.

तरी मला आनंद झाला होता. मी एक गादी आणली. नवी चादर आणली, सोलापुरात राहून चादर काय, पण ही मुद्दाम निवडून, निळ्या चौकड्यांची. एक ब्रशही आणून ठेवला. या उन्हाळ्यात ती पुण्याहून दुधनीला जाताना सकाळी सोलापूरला उतरली. आता माझ्या खांद्याला लागते. जेवणं झाली. तिने न सांगता ताटं घासायला घेतली आणि मग विचारलं, "अप्पा, पाणी वापरू का एवढं? परत कधी येणार आहे नळाला?" पाहुणी विचारते तसं विचारलं. मी म्हणालो, "वापर गं, हवं तेवढं वापर."

मग मी कपाटातून नवा करार काढून तिच्यापुढे ठेवला. "बघ. ते कलम काढलं मी. आता तू राहू शकतेस. आज राहा, उद्या जा दुधनीला."

तिने करार हातात घेऊन पानं उलटली. अकरावं कलम वाचलं, तिथे आता घराच्या रंगरंगोटीचं काहीतरी होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा, मी मावशींना विचारलं होतं."

"काय?"

"राहू का म्हणून. सहावीत असताना. तुम्ही वर टाकीपाशी होतात. त्या म्हणाल्या, ऱ्हा की अम्मा, त्यात काय विचारायचं, माजं पन घर रिकामंच हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायलाच वर आले होते. तर तुम्ही घड्याळ बघत होतात. म्हणालात, आवर, गाडी चुकेल." तिने पानं सारखी केली. "मला वाटलं, मावशींचं काही नाहीये. तुम्हालाच नको आहे."

ती रागावून बोलली नाही. शाळेतली एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि ते ऐकणं रागापेक्षा जड गेलं. मला लगेच म्हणायचं होतं, की असं नव्हतं गं. पण ते सगळं खोटं नव्हतं. मला रात्रीची भीती वाटायची. दिवस काढता यायचा, तळं होतं, जेवण होतं, स्टँड होता. पण रात्री ती आईच्या आठवणीने रडली असती तर? अंधारात तिने विचारलं असतं, की आपण सगळे एकत्र का राहत नाही, तर? करारातल्या त्या कलमाने मला या परीक्षेतून सोडवलं होतं. मी त्याला नियम म्हणत होतो आणि त्यामागे लपत होतो. पोरीने सहावीतच हे ओळखलं आणि कुणाला न सांगता ब्रश घरी ठेवायला लागली.

"आज राहतेस?" मी परत विचारलं.

"आजीला सांगितलंय अप्पा, संध्याकाळी येते म्हणून. ती वाट बघत बसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." चारला दहा कमी असताना तिनेच घड्याळ बघितलं आणि सँडल घालायला घेतली. मला सांगावं लागलं नाही.

तिला बसवून आल्यावर मी मावशींजवळ ओट्यावर बसलो. विचारलं, पोरीने कधी काही विचारलं होतं का. "व्हय की," त्या म्हणाल्या. "लई वर्सं झाली. मी म्हटलं ऱ्हा. मंग काय ऱ्हायली न्हाय. मला वाटलं, तुमाला एकटंच बरं वाटतंय. काय काय मानसं असत्यात तशी." त्यांचा हात थांबला नाही.

परवा नवा करार केला. 'राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात मी पहिल्यांदाच 'दोन' लिहिलं. खाली तिचं नाव, वय, नातं. संध्याकाळी वाचून दाखवताना मावशी नऊ वर्षांत पहिल्यांदा मधेच म्हणाल्या, "थांबा. दोन? दुसरं कोन?"

"मुलगी."

"कदी येनार?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "मंग पान्याचा आनखी एक ड्रम घ्या," म्हणाल्या. "दोगास्नी एक पुरत न्हाय."

मी ड्रम आणला, पहिल्याच्या शेजारी ठेवला. नळाला पाणी यायच्या दिवशी दुसऱ्या ड्रममधलं आदल्या खेपेचं तसंच राहिलेलं पाणी मी मावशींच्या तुळशीला घालतो, उरलेल्याने जिना धुतो, त्यातूनही उरतं ते रस्त्यावर ओततो. मग मोटर लावतो आणि दोन्ही ड्रम भरून ठेवतो.